केंदुलीचा बाऊल मेळा – व्हीलचेअरवरच्या आईला घेऊन जाता येईल का?

रानजाई – ११ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आईला (वय ६८) दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला. उजवा हात आणि पाय अजून पूर्ण आलेला नाही. घरात भिंतीला धरून दहा-बारा पावलं, बाहेर व्हीलचेअरच. डोकं मात्र तल्लख आणि जीभ त्याहून. माझी आजी रोज दुपारी महिपतींचा भक्तविजय वाचायची, शेजारी बसून ऐकून ऐकून आईला त्यातल्या निम्म्या गोष्टी तोंडपाठ. तर झालं असं की मागच्या महिन्यात टीव्हीवर कुठेतरी भगव्या कफन्या घातलेले बाऊल (बंगालातले गात हिंडणारे साधू) गाताना दिसले, खाली पट्टीत केंदुली असं नाव आलं आणि आई उठूनच बसली, अगं हे तर जयदेवाचं गाव! गीतगोविंद लिहिणाऱ्या कवीचं. आता तिला संक्रांतीला तिथे जायचंय.

मी म्हटलं आई अगं बंगालातलं खेडं, नदीकाठ, वाळू, रात्रभर गर्दी, तुझी खुर्ची कुठे जाणार. तर म्हणे, "जयदेवाचे चोरांनी हातपाय तोडून त्याला खड्ड्यात टाकला होता, राजाने पालखीत घालून नेलाच ना? मला खुर्चीत घालून न्या." आता यावर काय बोलणार सांगा.

कोणी गेलंय का तिथे? तिकीट वगैरे असतं का, बसायला जागा मिळते का, मुख्य म्हणजे खुर्ची जाते का? बरोबर मी आणि माझा भाऊ. ठाण्याहून निघू.

चहाटळ – ११ नोव्हेंबर, रात्री १०:०५

मातोश्रींना साष्टांग नमस्कार. माहिती शून्य, पण या धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

टिचकी – ११ नोव्हेंबर, रात्री ११:३२

मी गेलोय, तीन वेळा. नोकरीपायी सहा वर्षं दुर्गापूरला काढली, केंदुली तिथून अजय नदीच्या पलीकडे. जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

जयदेव केंदुली म्हणजे बीरभूम जिल्ह्यातलं अजयच्या काठचं गाव. एरवी गेलात तर शांत असतं, भाताची खाचरं, तळी, गावात राधाविनोदाचं विटांचं देऊळ, वर्धमानच्या राजघराण्याने सतराव्या शतकात बांधलेलं. भिंतींवर भाजलेल्या मातीच्या नक्षीकामात अख्खं रामायण चाललेलं असतं. पौष संक्रांतीला (आपली मकर संक्रांतच, तिकडे पौषाचा शेवटचा दिवस) मात्र गावाची ओळख बदलते. पहाटे हजारो माणसं अजयमध्ये आंघोळ करतात. गोष्ट अशी की जयदेव दर संक्रांतीला चालत गंगेवर जायचा, एका वर्षी जमेना तेव्हा गंगाच म्हणाली तू राहू दे, मीच अजयमधून वर येते. (ताई ही पण गोष्ट आईंना सांगा, त्यांच्या बाजूने अजून एक मुद्दा झाला.)

तिकीट नाही. पास नाही. नावनोंदणी नाही. गावात आणि नदीच्या बाजूला आखाडे लागतात, आखाडा म्हणजे कुस्तीचा नाही, मांडव. कुणा गोसाईंचा, कुणा आश्रमाचा, कुणा व्यापारी मंडळींनी घातलेला. खाली पेंढा पसरलेला, त्यावर ताडपत्री नाहीतर सतरंजी. चप्पल काढायची, आत जाऊन बसायचं, ऐकायचं, उठून दुसऱ्यात जायचं. कोण, कुठचे, जात काय, पावती फाडली का, काही नाही. "जय गुरू" म्हणायचं, सरकून जागा देतात. दुपारी आणि रात्री भोग असतो, खिचडी आणि कोबी-बटाट्याची भाजी, पत्रावळीवर. पंगतीत शेजारी पाय मोडून बसलेला माणूस प्रोफेसर आहे की भिकारी हे कळायला मार्ग नाही आणि कुणाला कळून घ्यायचंही नसतं.

आता वाईट बाजू. गर्दी भयंकर, विशेषतः संक्रांतीच्या संध्याकाळी. रस्ता म्हणजे दोन्हीकडे दुकानं आणि मधून माणसांचा लोंढा. नदीकडे उतरलात की वाळू, तिथे व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक रुतणारच. रात्री थंडी बेकार. आणि टॉयलेट हा विषय न काढलेला बरा, पण तुम्हाला काढावाच लागेल.

माझा सल्ला, संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी पोचा. बाऊल आलेले असतात, आखाडे सुरू झालेले असतात, गर्दी अर्धी असते.

आडगावचा_शहाणा – १२ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

विरस करायचा नाही पण आता तिथे पूर्वीचं काही राहिलेलं नाही. खरे साधक बाऊल गर्दीला कंटाळून येत नाहीत, येतात ते स्टेजवाले. निम्म्या मांडवात बाऊल नाहीच, कीर्तन चालू असतं. कोलकात्याची पोरं कॅमेरे घेऊन बाऊलांच्या नाकात घुसतात. आणि गांजाचा धूर, तो सांगायला टिचकीराव विसरले वाटतं. आजारी बाईला एवढ्या लांब न्यायचं ते हे बघायला?

शिवाय जयदेव बंगालचा हे तरी कुठे ठरलंय. ओडिशावाले सांगतात आमच्याकडे प्राची नदीकाठी केंदुली आहे, तोच खरा.

टिचकी – १२ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

गांजा आहे, मान्य. काही आखाड्यांत. वास आला तर पुढच्या मांडवात जायचं, बंधन थोडंच आहे. कीर्तन वाढलंय हेही खरं, तिकडचे जुने लोकही त्यावर कुरकुरतात. पण "खरे बाऊल" हे वाक्य मी दरवर्षी ऐकलंय आणि दरवर्षी पहाटे तीन-चारच्या सुमारास, भोंगे जरा थकले की, कुठल्यातरी कोपऱ्यातल्या मांडवात एखादा म्हातारा असा काही गाऊन जातो की हे वाक्य बोलणाऱ्याचं तोंड मिटतं.

ओडिशा-बंगाल भांडणात मी पडत नाही. गीतगोविंदात त्याने गावाला किंदुबिल्व म्हटलंय, बाकी तुम्ही आणि ते बघून घ्या.

गुळपोळी – १२ नोव्हेंबर, दुपारी १:२०

अवांतर पण महत्त्वाचं: जानेवारीत जाताय म्हणजे नोलेन गूड! खजुराच्या रसाचा ताजा गूळ, फक्त थंडीत मिळतो. पातळ, काकवीसारखा, मातीच्या मडक्यात. त्याचे संदेश, त्यात भिजवलेले पिठे (तिकडचे तांदळाच्या पिठाचे गोड पदार्थ). आपल्या गूळपोळीशी माझं इमान आहे (आयडी बघा) पण हा गूळ चाखल्यापासून ते थोडं डळमळलंय.

प्रवासाचं सांगते. गीतांजली सकाळी सहाला सीएसएमटीहून सुटते, ठाणे-कल्याण घेऊन दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. हावड्याहून बोलपूर किंवा दुर्गापूर, दोन्हीकडे गाड्या भरपूर. विमानानेच जायचं तर दुर्गापूरजवळ अंडालला विमानतळ आहे, काझी नजरुल इस्लाम यांच्या नावाचा. आईंचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर रेल्वेचं सवलत कार्ड आधी काढून घ्या, ज्यांना सोबतीशिवाय प्रवास जमत नाही त्यांना आणि बरोबरच्या एकाला स्लीपर आणि थ्री एसीला ७५ टक्के सूट असते. कार्ड हातात यायला वेळ लागतो, आजच अर्ज टाका.

बोलपूरच्या गाडीत डब्यातच बाऊल चढतात एकतारी घेऊन, दहा-वीस रुपये सुटे ठेवा.

तिरकीट – १२ नोव्हेंबर, रात्री ८:४५

अरे वा, माझ्या आवडीचा विषय. मी गोंधळी घराण्यातला नाही पण संबळ आणि चौंडकं शिकलोय थोडंफार, त्यामुळे बाऊलांची वाद्यं बघितली तेव्हा घरचीच वाटली.

एकतारी, म्हणजे त्यांचं गोपीयंत्र: खाली भोपळा किंवा लाकडाचं भांडं, तळाला कातडं, बांबू मधून चिरून केलेले दोन हात, वर खुंटी, कातड्यातून निघालेली एक तार. बोटाने तार छेडायची आणि त्याच हाताने बांबू दाबला की सूर खाली उतरतो. आपल्या तुणतुण्याचं हे चुलत भावंड. तुणतुण्याला बाहेरून काठी लावलेली असते म्हणून ते वाकत नाही, सूर ठाम राहतो, एवढाच फरक.

पण खरी गंमत खमक. पिंपासारखं छोटं लाकडी खोड, एका बाजूला कातडं, त्यातून तात काढून तिच्या टोकाला पितळी मूठ. खोड काखेत दाबायचं, मूठ त्या हाताने ताणायची, दुसऱ्या हाताने तात छेडायची. ताण दिला की सूर चढतो, सैल सोडला की उतरतो, सतत सरकतच असतो, अक्षरशः बोलतं ते. आणि हे वर्णन वाचून सांगली-कोल्हापूरकडच्या माणसांना काय आठवलं? चौंडकं! यल्लम्माच्या जोगतिणी वाजवतात तेच. काखेत तसंच दाबायचं, तसंच ताणायचं. हजार-दोन हजार किलोमीटर अंतरावर एकच कल्पना. कुणी कुणाकडून घेतली ते मी सांगणार नाही, सांगणाऱ्यांवर विश्वासही ठेवत नाही.

आणखी एक, बाऊल दारोदार मागतात त्याला ते माधुकरी म्हणतात. हाच शब्द. अंगात ठिगळं जोडून केलेला डगला असतो, गोधडीच ती.

कामाची माहिती: युनेस्कोने २००५ साली बाऊल गाण्यांना मानवी वारशात घेतलं, २००८ ला यादीत आली. बांगलादेशच्या राष्ट्रगीताची चाल बाऊल गाण्यावरून आहे, गगन हरकरा म्हणून टपाल वाटणारा होता त्याच्या गाण्यावरून रवींद्रनाथांनी घेतली. आणि बॉब डिलनच्या १९६७ च्या रेकॉर्डच्या कव्हरवर त्याच्या दोन्ही बाजूला उभे आहेत ते पूर्णदास बाऊल आणि लक्ष्मणदास बाऊल. पूर्णदासांचे वडील नवनीदास, शांतिनिकेतनच्या मंडळींच्या जवळचे.

चहाटळ – १२ नोव्हेंबर, रात्री ९:०२

टपाल वाटणाऱ्याने राष्ट्रगीताची चाल दिली आणि आमचा कुरिअरवाला साधी बेल वाजवत नाही.

अर्धाकान – १३ नोव्हेंबर, सकाळी ११:१०

ताई, मी दोन्ही कानांना यंत्र लावतो. त्या बाजूने चार शब्द, कारण अशा ठिकाणी आमच्यासारख्यांचा विचार कुणीच करत नाही. सगळ्यांना वाटतं रॅम्प झाला की झालं.

केंदुलीला मी एकदाच गेलो, आणि पहिले दोन तास अक्षरशः रडकुंडीला आलो. दर मांडवाचा भोंगा वेगळा आणि प्रत्येकाला दुसऱ्यापेक्षा मोठा हवा. चांगल्या कानाचा माणूस त्यातून आपल्याला हवं ते वेचतो, आमच्या यंत्राला ते जमत नाही, सगळ्याचं मिळून एक पिठलं होतं. शेवटी वैतागून यंत्रं काढली, खिशात टाकली आणि एका मांडवात सगळ्यात पुढे, गाणाऱ्याच्या पायाशी जाऊन बसलो. त्याने बघितलं. माझ्या कानाकडे बोट करून खूण केली, मी नकाराची मान हलवली. तो गाणं न थांबवता वाकला आणि माझा हात ओढून खमकच्या खोडावर ठेवला.

तिरकीट यांनी लिहिलंय ना सूर चढतो-उतरतो, ते मला तळहातात कळलं. ताण दिला की थरथर बारीक आणि दाट होते, सोडला की रुंद. पायात घुंगरू होते त्याचा ठेका जमिनीतून येत होता. गाण्याचा एक शब्द मला कळला नाही, पण तसा तो शेजारच्या बंगाली मास्तरांनाही कळला नव्हता, ते म्हणाले बाऊल मुद्दाम आडून बोलतात, देहाच्या गोष्टी कोड्यात घालतात.

तेव्हा माझं मत विचाराल तर: जागा तशी सोपी नाही, पण माणसं सोपी आहेत.

आडगावचा_शहाणा – १३ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

अर्धाकान यांचा प्रतिसाद आवडला. तरी म्हणतो की माणसं चांगली आहेत यावर विसंबून व्हीलचेअरचा माणूस नेऊ नये. चार जणांनी उचलून नेणं याला सोय म्हणत नाहीत. उचलताना कुणाचा हात सुटला तर? आणि दरवेळी कुणाच्या तरी मेहरबानीवर का? माझा धाकटा भाऊ पोलिओचा, आयुष्यभर जत्रांमध्ये त्याला लोकांनी पोत्यासारखा उचललाय, विचारलं एकानेही नाही. म्हणून बोलतोय, खवचटपणा नाही.

रानजाई – १३ नोव्हेंबर, दुपारी ३:१५

शहाणेदादा, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली त्यांचं खरं आहे, मला उचलायचं असेल तर आधी मला विचारायचं, आणि मी हो म्हटलं तरच. हे बंगालीत कसं म्हणतात?

टिचकी – १३ नोव्हेंबर, दुपारी ४:००

"मा के जिग्गेस कोरुन", आईला विचारा. हे एकच वाक्य भावाकडून पाठ करून घ्या, पुरेल.

आणि गर्दीचं फारच दडपण वाटत असेल तर दुसरा पर्याय, नदिया जिल्ह्यात गोरभांगा म्हणून खेडं आहे करीमपूरकडे, तिथे फकीर गातात. तेही लहान पण छान उत्सव करतात, अंगणात बसून. पण तिथे जयदेव नाही.

रानजाई – १३ नोव्हेंबर, दुपारी ४:१२

जयदेव नाही म्हणजे रद्द. 😄 तिकिटं काढली. कार्डाचा अर्जही टाकला.

गुळपोळी – १३ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

रुंद चाकाची खुर्ची भाड्याने मिळते का बघा. घडीची कमोड चेअर आणि एक जुनी साडी (आडोशाला) न्याच. आल्यावर वृत्तांत पाहिजे, नाहीतर धागा वर काढून काढून छळीन.

रानजाई – २१ जानेवारी, रात्री ९:५५

आलो. वृत्तांत. मोठा आहे, चहा घेऊन बसा.

दुर्गापूरला हॉटेलात राहिलो. (फोनवर लिफ्ट आहे म्हणाले होते, होती, पण लिफ्टपर्यंत जायला सहा पायऱ्या. नाव घेत नाही, हा अनुभव आपल्याला सगळीकडेच येतो.) टिचकी यांचं ऐकून संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी गाडी करून केंदुलीला. गाडी गावाबाहेरच थांबवतात, तिथून पुढे चालत.

रस्ता पक्का होता तोवर काही त्रास नाही. दोन्हीकडे दुकानं, लोखंडी कढया, कोयते, लाकडाची खेळणी, आणि केळी! केळीच केळी, घडांच्या राशी माणसाच्या डोक्याएवढ्या उंच. हा म्हणे केळ्यांचाही मोठा बाजार, लोक मेळ्यातून घरी जाताना अख्खा घड खांद्यावर घेऊन जातात. आईने पहिल्या पाच मिनिटांत डझनभर घेतली आणि मांडीवर ठेवली, पुढे दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना वाटत होती.

आधी देऊळ. पायरीखालूनच दर्शन घेतलं, आई म्हणाली पुरे, मला भिंती बघायच्या आहेत. मग आम्ही खुर्ची भिंतीला समांतर लावून इंचाइंचाने पुढे सरकवत होतो आणि ती बोट दाखवत होती, हा बघ रावण, ही बघ माकडं. तिच्या बसलेल्या उंचीला जी रांग येते ती उभ्या माणसाला दिसतच नाही, आम्हाला वाकावं लागत होतं.

आता आखाडे. पहिला अडथळा वाळू नव्हता, पेंढा होता! मांडवात शिरलं की घोट्याएवढा पेंढा आणि वर ताडपत्री, चाक पुढे सरकतच नाही, आणि जिथे ताडपत्री सरकली होती तिथे पेंढ्याच्या काड्या पुढच्या चाकाच्या आसाला गुंडाळून चाक जाम. पहिल्या मांडवात आम्ही दारातच अडकलो. माझा भाऊ खाली बसून काड्या ओढतोय, मागून लोक येतायत, मला घाम फुटलेला. तेवढ्यात दोन पोरं आली, खुर्चीला हात घातला. भाऊ ओरडला, "मा के जिग्गेस कोरुन!" पोरांनी हात काढला, एक जण आईसमोर उकिडवा बसला आणि काहीतरी विचारलं. आईला बंगाली येत नाही. पण तिने काय ओळखायचं ते ओळखलं, डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्याला कुठे धरायचं ते दाखवलं (पायाच्या फळीला धरायचं नाही, ती निघते) आणि मान हलवली. शहाणेदादा, तुमच्या भावाला सांगा.

आत एक म्हातारे गोसाई गात होते. पांढरी दाढी, ठिगळांचा डगला, एका हातात एकतारी, कमरेला डुग्गी (छोटा नगारा) बांधलेली. आईला त्यांच्या समोर, सतरंजीच्या कडेला ठेवलं. सगळे जमिनीवर आणि ही एकटी उंच, मागच्यांना अडचण, म्हणून मी खाली उतरवायचं म्हणत होते, तर मागची बाईच म्हणाली राहू द्या आणि स्वतः बाजूला सरकली. त्या बाईने पुढे तास-दीड तास आईचा उजवा हात आपल्या शालीत धरून ठेवला होता, थंडीने तो निळा पडायला लागला होता म्हणून. मला आधी कळलंच नाही.

अर्धाकान म्हणतात ते भोंग्यांचं शंभर टक्के खरं. शेजारच्या मांडवातलं कीर्तन आमच्या मांडवात येऊन बसलं होतं. गोसाईंनी एक गाणं अर्ध्यात सोडलं, माइक बाजूला ढकलला, उठून थेट आईच्या खुर्चीजवळ येऊन गायला लागले. मागच्यांना कितपत ऐकू गेलं देव जाणे. कुणी तक्रार केली नाही.

मग आईने काय करावं? गाणं संपल्यावर तिने ओव्या म्हटल्या. जयदेवाच्याच, भक्तविजयातल्या, आजीच्या चालीवर. आजारपणानंतर तिचा आवाज बसलाय, शब्द थोडे जड येतात. मधे दोनदा अडली. "जयदेव" एवढा एकच शब्द तिथल्या लोकांना कळला असेल, पण तो आला की मागून दोन-चार जण "जय गुरू" म्हणायचे. तिसऱ्या ओवीला खमकवाल्याने हळूच ताल धरला. आणि तिरकीट, ते खरंच चौंडकंच आहे! आईने बोट दाखवून विचारलं, द्याल का? त्याने खोड तिच्या उजव्या काखेत अडकवलं, लुळा दंड वरून दाबून धरला, मूठ स्वतः ताणली आणि छेडायला तिच्या डाव्या हातात टवका दिला. दोन माणसं मिळून एक वाद्य. भयाण वाजलं. आई हसून हसून लाल.

भोग मिळाला. पत्रावळ तिच्या मांडीवर ठेवून मी भरवत होते तर वाढणाऱ्याने परत येऊन पातळ खिचडी वेगळ्या वाटीत दिली, चमच्यासकट. चमचा कुठून आणला माहीत नाही, पंगतीत बाकी कुणाकडे नव्हता.

आता तक्रारी. टॉयलेटला फूटभर उंच पायरी आणि दार दीड फूट, प्रश्नच नव्हता. साडीचा आडोसा आणि घडीची चेअर कामी आली, गुळपोळी तुला पोळ्या करून पाठवते. संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर गर्दी अशी वाढली की परत गाडीपर्यंत यायला तास लागला, आणि तो तास मला नकोसा झाला, एकदा खुर्ची उताराला लागली आणि समोरून लोंढा. देवाची कृपा. पहाटेचं ते जादूचं तीन-चार वाजताचं गाणं आम्हाला ऐकता आलं नाही. आईची ताकद संपली होती. संक्रांतीच्या मुख्य दिवशी पुन्हा जायचं ठरलं होतं, ते रद्द करून हॉटेलातच बसलो. नदीवर गेलोच नाही. ती रुखरुख तिला आहे, बोलत नाही पण आहे.

टिचकी – २१ जानेवारी, रात्री १०:२०

वाचताना डोळे भरून आले, बास. नदीसाठी एरवी जा, फेब्रुवारी-मार्चमध्ये. गाव रिकामं असतं आणि पाण्यापर्यंत जाणारी वाट निवांत शोधता येते.

आडगावचा_शहाणा – २१ जानेवारी, रात्री १०:४१

भावाला वाचून दाखवलं. म्हणाला पायाच्या फळीला धरायचं नाही हे वाक्य जत्रेच्या कमानीवर लिहिलं पाहिजे. माझे आधीचे शब्द अर्धे मागे, सोयींबद्दलचे तसेच ठेवतो. आयोजकांनी दोन मांडवांत पेंढ्याऐवजी फळ्यांची वाट आणि एक उताराचं टॉयलेट केलं तर काही लाखो रुपये लागत नाहीत.

तिरकीट – २१ जानेवारी, रात्री ११:०५

ओवी आणि खमक! रेकॉर्डिंग आहे का??

रानजाई – २२ जानेवारी, सकाळी ७:३०

आहे, भावाच्या फोनवर. त्यात ओवी कमी आणि शेजारचं कीर्तन जास्त ऐकू येतं.

अर्धाकान – २२ जानेवारी, सकाळी ८:१०

मग ते मला पाठवा, मला दोन्ही सारखंच ऐकू येईल. 😄 आणि खुर्चीच्या चाकांचं काय झालं, पेंढा निघाला का?

रानजाई – २२ जानेवारी, सकाळी ८:२५

मागची चाकं ठीक. पुढचं डावं चाक अजून कुरकुरतंय, आतली एक काडी निघतच नाही. भाऊ म्हणतोय आस उघडून ग्रीस लावू. आई म्हणतेय मार्चमध्ये आल्यावर उघडा.